वेगळा पेला

त्या दिवशी पहाटे लातूरच्या त्या भागात नळाला पाणी येण्याची पाळी होती. उज्ज्वलाबाई बिराजदारांनी नेहमीप्रमाणे आधी पिण्याचा हंडा विसळून भरला, मग स्वयंपाकघरातले पिंप, मग मागच्या अंगणातली टाकी. हंड्याच्या तोंडावर पांढऱ्या फडक्याची घडी बांधली. आदल्या दिवशी उकळून गार केलेले पाणी तांब्यात ओतले आणि फळीच्या उजव्या टोकावरून आपला पेला खाली घेतला.

त्या टोकाला त्यांची चार भांडी वेगळी मांडलेली असत: ताट, वाटी, तांब्या आणि पेला. प्रत्येकावर यंत्राने टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे होती, ‘उ. बि.’. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावे असतात. ही चार भांडी मात्र लग्नानंतर काही वर्षांनी मुद्दाम कोरून आणलेली होती. उज्ज्वलाबाईंनी पेला ओठांपासून चार बोटे वर धरला आणि पाण्याची धार सरळ घशात सोडली. स्वतःच्या पेल्यालासुद्धा त्या ओठ लावत नसत. मग पेला राखेने घासून, धुऊन, पालथा घातला.

एवढ्यात ओट्यावरचा फोन उजळला. निवास-परवान्याच्या अर्जाचा निकाल आला होता. सहवास-निर्देशांक शंभरपैकी नऊ; किमान आवश्यकता पस्तीस. ‘अर्जदार आणि त्यांचा मुलगा यांच्यात कौटुंबिक बंध सिद्ध होत नाही. मुलाच्या बालपणातील जंतू-वाणे अन्य संगोपनकर्त्या व्यक्तीकडून आलेली असण्याची शक्यता अधिक. फेरचाचणीची एक संधी उपलब्ध.’

त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईंना त्यातला प्रत्येक शब्द कळत होता, आणि म्हणूनच त्या बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

माणसाच्या तोंडात आणि आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. एकाच जातीच्या जंतूंची पुन्हा शेकडो वाणे असतात, जशी ज्वारीची असतात. एका घरात राहणाऱ्या, एकमेकांच्या ताटातले खाणाऱ्या, एका पेल्याने पिणाऱ्या माणसांमध्ये या वाणांची सतत देवाणघेवाण चालते. वर्षानुवर्षांच्या सहवासाने ती सारखी होत जातात. लहानपणी मिळालेली काही वाणे तर माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याची साथ सोडत नाहीत. जनुकांचे वाचन स्वस्त झाल्यावर लाळेच्या चार थेंबांवरून कोण कोणाबरोबर राहिले, याचा अंदाज काही तासांत बांधता येऊ लागला.

ज्या देशात उज्ज्वलाबाईंचा मुलगा सौमित्र नोकरी करत होता, त्या देशाने ही चाचणी परवान्यासाठी स्वीकारली ती चांगल्या हेतूने. पूर्वी तिथे रक्ताचे नाते तपासत. त्यात दत्तक मुले अडकत, सावत्र आया अडकत, भावाच्या पोरांना लहानाचे मोठे केलेले काका अडकत. नव्या कायद्याने नाते रक्तावरून सहवासावर आणले. त्या वेळी उज्ज्वलाबाईंनी गावातल्या वाचनालयात या विषयावर भाषणही दिले होते आणि विज्ञान पहिल्यांदाच माणुसकीच्या बाजूने उभे राहिले आहे, असे म्हटले होते. पण पस्तीसचा आकडा ज्या कुटुंबांवरून ठरवला गेला, ती त्या देशातली कुटुंबे होती. तिथे आई चाखून बघितलेल्याच चमच्याने बाळाला भरवते आणि मोठ्या झालेल्या मुलाच्या कपातला घोट सहज घेते. जिथे आजही पाणी वरून पितात, उष्टे खाऊ नये असे मुलांना आधी शिकवतात, अशा घरांचा विचार तो आकडा ठरवताना कोणी केला नव्हता. भाषणाच्या वेळी तो उज्ज्वलाबाईंनीही केला नव्हता.

खालच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या जाऊ, मंदाकिनीअक्का, राहत. दोघी विधवा, दोघींची मुले घराबाहेर. उज्ज्वलाबाईंनी खाली जाऊन निकाल सांगितला तेव्हा अक्का शेंगा फोडत होत्या. ‘अन्य संगोपनकर्त्या व्यक्ती’चा अर्थ लक्षात येताच त्या हसू लागल्या.

“मशीन हुशार आहे की,” त्या म्हणाल्या. “माझ्याच ताटात जेवला तो दोन वर्षं. अर्धी भाकरी मी चावून भरवली. असं कर, उज्ज्वला, माझी थुंकी घेऊन जा. पास होतीस बघ.”

“आणि तिथं गेल्यावर?”

“तिथं गेल्यावर कोण थुंकायला लावतंय?”

उज्ज्वलाबाईही हसल्या, पण हसू ओठांवरच थांबले. पुढच्या फाल्गुनात त्यांना पासष्टावे लागणार होते आणि त्यानंतर आईवडिलांचा अर्ज तो देश घेत नसे. सौमित्रची मुलगी, तीन वर्षांची तन्वी, आजीला पडद्यावर ओळखत होती. आजीला पाय असतात का, असे तिने मागच्याच आठवड्यात विचारले होते.

दुपारी सौमित्रचा फोन आला. त्याला निकाल आधीच कळला होता. तो रागावलेला नव्हता, निराशही दिसत नव्हता. कारखान्यातली एखादी बिघडलेली झडप बदलायची असावी, तशा स्वरात त्याने पुढची व्यवस्था सांगितली. पुण्यातले एक सल्लागार, किणीकर, अशी प्रकरणे हाताळत. आधी आईने एक औषध घ्यायचे, त्याने तिच्या तोंडातले आणि आतड्यातले जंतू बरेचसे साफ होतील. मग सौमित्रच्या शरीरातून घेतलेल्या जंतूंच्या कॅप्सूल तीन महिने घ्यायच्या. आकडा चाळिशीच्या पुढे जातो, असा किणीकरांचा अनुभव होता. मग ते स्वतःच संभाषणात आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले की, यात गैर असे काही नाही; मुलाबरोबर तीन महिने राहिल्यावर जे झाले असते, तेच आपण थोडे लवकर करत आहोत. फक्त प्रतिज्ञापत्रात ‘कोणतेही पूरक घेतलेले नाही’ असे म्हणावे लागते. आणि पूर्वीचे काही मोठे आजार असतील, तर विचारल्याशिवाय बोलू नये. उगाच फाइल वैद्यकीय विभागाकडे जाते.

शेवटच्या वाक्यावर उज्ज्वलाबाईंना आपला जुना आजार आठवला. सौमित्रला ते जाणवले नाही. त्याला त्या आजाराची माहितीच नव्हती.

कॅप्सूल कुरियरने आल्या तेव्हा अक्का वर आल्या होत्या. त्या कशापासून बनवतात, हे उज्ज्वलाबाईंनी त्यांना शक्य तितक्या शास्त्रीय शब्दांत सांगितले. अक्कांनी ते साध्या शब्दांत आणले.

“म्हणजे पोराची शी.”

“शुद्ध केलेली.”

“मी दोन वर्षं धुतली ती. तू आता खा. बरोबरच आहे, तुझी वाटणी राहिलीच होती.”

उज्ज्वलाबाईंनी कॅप्सूलची डबी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याच्या मागे ठेवली आणि सोबतचे जंतुनाशकाचे पाकीट उघडले. गोळ्यांचे नाव नवे होते. पण खाली बारीक अक्षरांत औषधाचा वर्ग छापलेला होता. तो त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवले आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले.

सौमित्र चार महिन्यांचा असताना त्यांच्या खोकल्यातून रक्त पडले होते. क्षय होता, आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. कोणीतरी, कुठेतरी, बरे वाटू लागल्यावर अर्धवट सोडलेल्या औषधांतून ते वाण तयार झाले होते आणि श्वासाश्वासातून प्रवास करत त्यांच्यापर्यंत आले होते. दूध तोडले. बाळ खाली अक्कांकडे गेले. उज्ज्वलाबाई वरच्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून राहू लागल्या. यजमानांनी भांडीवाल्याकडून चार भांडी कोरून आणली, चुकूनही सरमिसळ होऊ नये म्हणून. अक्का जिन्याच्या मधल्या पायरीवर जेवण ठेवत. शाळेत आणि शेजारी पोटाचे दुखणे म्हणून सांगितले. क्षय म्हटले असते तर पालकांनी मुले काढली असती, नोकरी गेली असती. इंजेक्शनांनी एका कानाचे ऐकू येणे कमी झाले. दोन वर्षांनी डॉक्टरांनी पूर्ण बरे झाल्याचे सांगितले. पण तोपर्यंत दूर राहणे हाडात भिनले होते. मूल धावत आले की त्या तोंड वळवून त्याला कुशीत घेत. त्याने त्यांच्या पेल्याला हात घातला की त्यांच्या तोंडून “नको” निघे, ओरडल्यासारखे. शहाणपण परत आले, भीती गेली नाही. मग ती शिस्त झाली आणि शिस्तीचे कारण कोणी कोणाला सांगत नाही.

पुढे वर्गात त्या दर वर्षी एक तास या एकाच विषयाला देत: जंतुनाशक गरज नसताना घेऊ नये, घेतले तर मधेच सोडू नये. मुले त्यांना मागून ‘कोर्स पूर्ण करा मॅडम’ म्हणत, हे त्यांना ठाऊक होते.

आणि आता निरोगी शरीरात, केवळ एका आकड्यासाठी, त्याच वर्गातले औषध घ्यायचे होते. का, तर जे सहवासाचे जंतू त्यांनी मुलाला द्यायचे टाळले, त्या टाळण्याला यंत्र प्रेमाचा अभाव म्हणत होते.

त्यांनी अक्कांना गोळ्या न घेण्याचा आपला विचार सांगितला. अक्का प्रथमच चिडल्या.

“पोराकडं जायचंय का नाही तुला? नातीला हात लावायचाय का नाही? मग चार गोळ्या गिळायला काय जातंय? तुझी तत्त्वं तिथं बर्फात कोण विचारणार आहे?”

“अक्का, खोटं सांगून मी आई ठरले, तर खरी कोण होते मी?”

“मी सांगते की कोण होतीस. मी पायरीवर ताट ठेवत होते, मी बघितलंय.”

“तुम्ही बघितलंत. त्यांनाही सांगू द्या मला.”

अक्का पुटपुटत खाली गेल्या. संध्याकाळी उज्ज्वलाबाईंनी अडगळीतला जुना कुकर काढला, कॅप्सूल त्यात घातल्या आणि भरपूर शिट्ट्या होऊ दिल्या. जिवंत जंतू असेच मातीत टाकून देणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. निर्जंतुक झालेला तो लगदा त्यांनी कढीपत्त्याच्या आळ्यात पुरला. गोळ्यांचे पाकीट औषधाच्या दुकानातल्या परतीच्या पेटीत टाकले. खालच्या खिडकीतून अक्कांचा आवाज आला, “त्या झाडाची फोडणी आता मला देऊ नकोस.” राग उतरला होता, हे त्यावरून समजले.

फेरचाचणीत दोघांचे नमुने एकाच वेळी घेतले जात. सौमित्र त्यासाठी रजा काढून पुण्यात आला. उज्ज्वलाबाई आदल्या दिवशी पोहोचल्या. चाचणीच्या सकाळी दोघे अतिथिगृहाच्या गच्चीवर चहा घेत बसले. सौमित्रने चहा कपातून घेतला, त्यांनी आपल्या पेल्यातून. तो पेला त्यांनी पिशवीतून आणला होता, हे पाहून त्याने नजर वळवली. मग कोर्स नीट झाला ना, असे विचारले.

“झाला नाही,” त्या म्हणाल्या. “सुरूच केला नाही मी.”

सौमित्रने कप खाली ठेवला. तो ओरडला नाही. समोरच्या इमारतीकडे पाहत, जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलावे तसा तो बोलला.

“रिपोर्ट आला ना आई, तेव्हा मला धक्का बसला नाही. सगळे म्हणत होते, चूक झाली असेल. मला वाटलं, यंत्राला कळलं. इतकी वर्षं मला जे वाटत होतं ते कुणीतरी मोजलं. तू आजारपणात रात्रभर बसायचीस माझ्याजवळ, सगळं करायचीस. पण तुझ्या पेल्याला हात लावला की तुझा चेहरा कसा व्हायचा, माहीत आहे? मला वाटायचं, हिला माझी किळस येते.”

उज्ज्वलाबाईंना वाटले होते, कधीतरी त्याला सांगावे लागेल. पण इतक्या उशिरा, नऊ हा आकडा आल्यावर सांगू, असे वाटले नव्हते. त्यांनी सांगितले. रक्त पडले तिथपासून, कोरलेल्या भांड्यांपर्यंत. त्याला रडवावे असे काही त्यांनी त्यात घातले नाही. तपासणी, औषधे, काळ, एवढेच सांगितले. शेवटी मात्र त्यांनी एक गोष्ट जोडली.

“तू पहिलं पूर्ण वाक्य बोललास ते जिन्याच्या खालच्या पायरीवरून. मी वर उभी होते. म्हणालास, ‘आई, खाली ये.’”

सौमित्र त्यांच्याकडे पाहत होता.

“मी आले नाही,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा अवघड काम मी जन्मात केलेलं नाही. आणि त्याचे मला शंभरपैकी नऊ मिळालेत.”

खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली. सौमित्रने विचारले, “मोठीआईला सगळं माहीत होतं?”

“त्याच तर ताट ठेवायच्या.”

“आणि मी तिला सांगायचो, माझ्या आईपेक्षा तूच बरी.” त्याने तोंडावरून हात फिरवला. मग त्याच्यातला व्यवहारी माणूस जागा झाला. आज पुन्हा नऊच येणार, हे त्याने बोलून दाखवले. आणि क्षयाचे सांगितले तर फाइल अडकेल, फाल्गुन उलटून जाईल, हेही.

“जाऊ दे उलटून. बरी होऊन मला पस्तीस वर्षं झाली, सौमित्र. रोग केव्हाच गेला, मी लाज तेवढी सांभाळत बसले. आता तीही टाकते.”

केंद्रात थंड हवा होती आणि बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर परीक्षेच्या दिवसाची कळा होती. एक पंजाबी जोडपे एकमेकांच्या बाटलीतून मुद्दाम, घोट-घोट पाणी पीत होते. टेबलामागच्या अधिकारी मुलीने, ती फार तर सव्वीस वर्षांची असावी, उज्ज्वलाबाईंना प्रतिज्ञापत्रातले प्रश्न एकामागून एक विचारले. कोणतेही पूरक घेतले आहे का. नाही. जंतुनाशक. नाही. मग तिने पडद्यावरचा जुना आकडा पाहिला आणि संकोचून विचारले, मागच्या वेळी निर्देशांक इतका कमी येण्याचे काही कारण देता येईल का. नाही म्हटले तरी चालेल, असेही तिने सुचवले.

“देता येईल,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढाच आवाज त्यांनी ठेवला. “मुलगा तान्हा असताना मला क्षय झाला होता. औषधांना दाद न देणारा. त्याला लागण होऊ नये म्हणून मी माझा पेला वेगळा ठेवला.”

शेजारच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढले. उज्ज्वलाबाईंनी ते पाहिले आणि त्यांचा आवाज खाली आला नाही.

टेबलामागची मुलगी हळू आवाजात मराठीत म्हणाली, “मॅडम, ही नोंद केली तर प्रकरण वैद्यकीय विभागाकडे जाईल. निर्देशांकात काही फरक पडणार नाही. यंत्राला असं कारण समजत नाही.”

“म्हणूनच लिहायचं. तुमचं यंत्र माणसांनी काय वाटून घेतलं ते मोजतं. मनावर दगड ठेवून काय वाटायचं नाही असं ठरवलं, ते त्याला मोजता येत नाही. ही उणीव त्याची आहे, माझी नाही. हेही लिहा. माझ्यासारख्या आणखी बायका असतील, त्यांच्या वेळी कुणीतरी वाचेल.”

मुलीने टंकायला सुरुवात केली. एका शब्दाशी ती अडली, तो उज्ज्वलाबाईंनी नीट सांगितला. मग तिने सौमित्रला विचारले की, प्रायोजक म्हणून या निवेदनाशी तो सहमत आहे का. नसेल तर तो अर्ज आताच मागे घेऊ शकतो, म्हणजे त्याच्या नावावर नकार लागणार नाही.

“सहमत आहे,” सौमित्र म्हणाला. “माझंही नाव घाला खाली.”

दोघांनी लाळेचे नमुने दिले. नळ्यांची झाकणे फिरली, चिकटपट्टी बसली, नळ्या खिडकीपलीकडे गेल्या. त्यांत काय निघणार, हे तिघांनाही माहीत होते.

बाहेर ऊन चढले होते. फाटकाजवळच्या कट्ट्यावर दोघे टेकले. उज्ज्वलाबाईंनी पिशवीतून तांब्या आणि पेला काढला, पाणी ओतले आणि सवयीने पेला वर उचलू लागल्या. सौमित्रने हात पुढे केला.

त्यांची बोटे पेल्याभोवती घट्ट झाली. ‘नको’ हा शब्द जिभेवर आला होता. सौमित्र वाट पाहत राहिला. हात त्याने मागे घेतला नाही. उज्ज्वलाबाईंनी पेला त्याच्या हातात दिला.

त्याने तो वर धरला नाही. कोरलेल्या अक्षरांच्या बाजूने कड ओठांना लावली आणि पाणी सावकाश, शेवटपर्यंत प्यायला. मग पेला न धुता त्यांच्याकडे परत दिला. उज्ज्वलाबाईंनी तांब्यातले उरलेले पाणी त्यात ओतले, पेला तसाच ओठांना लावला, आणि प्यायल्या.